सावलीचे मोल : भूमिकाखेळांच्या नियमसंहितेतील छायापात्रे

१

टेबलाभोवती बसून फासे, कागद आणि संभाषण यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या अद्‌भुतरम्य भूमिकाखेळांना साहित्यसमीक्षेच्या कक्षेत घ्यावे की नाही, हा प्रश्न आता तितकासा महत्त्वाचा उरलेला नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून त्याची नियमपुस्तके लिहिली, मोडली आणि पुन्हा लिहिली गेली आहेत. त्यांच्या आवृत्त्यांचा एक इतिहास तयार झाला आहे आणि आवृत्त्यांचा इतिहास असलेली कोणतीही संहिता पाठचिकित्सेला पात्र असते. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, ही संहिता नेमकी कोणत्या प्रकारची आहे? ती कथा सांगत नाही. कथा कोणत्या अटींवर संभवते, एवढेच ती सांगते. कथात्म साहित्याचे वाक्य घडून गेलेल्या गोष्टीचे असते. नियमाचे वाक्य ‘असे असेल तर असे करता येईल’ या संकेतार्थी वळणाचे असते. पहिल्याची जात उक्तीची, दुसऱ्याची व्याकरणाची. एखाद्या समाजाने सांगितलेल्या गोष्टींवरून त्याच्या कल्पनाविश्वाचा शोध घेता येतो, तसाच गोष्टी सांगण्यासाठी त्याने केलेल्या नियमांवरूनही घेता येतो.

या खेळाची रचना थोडक्यात अशी : एक जण सूत्रधार असतो, तो जग आणि त्यातील संकटे उभी करतो, बाकीचे खेळाडू प्रत्येकी एकेक पात्र चालवितात. पात्र घडविताना खेळाडू पुस्तकातून वंश, वर्ग, वर्गाची उपशाखा असे पर्याय निवडतो आणि पात्र अनुभवाने पातळी चढू लागले की नव्या शक्ती त्याच्या पदरी पडतात. या पर्यायांमध्ये सावलीशी निगडित पर्यायांचे एक मोठे कुळच आहे. सावलीत दिसेनासा होणारा, एका सावलीत शिरून दुसरीतून बाहेर येणारा, सावलीलाच सोबती करणारा, सावलीच्या द्रव्यातून वस्तू आणि प्राणी घडविणारा, अशी त्याची नाना रूपे आहेत.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. ‘सावली’ आणि ‘पर्याय’ हे शब्द एकमेकांशी जुळणारे नाहीत. प्रकाशात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक देहाची सावली पडते. ती निवडता येत नाही आणि नाकारताही येत नाही. साहित्यात सावलीला जो अर्थ मिळत आला आहे, तो या अपरिहार्यतेतूनच. महाभारतातील नलोपाख्यानात नलाचे रूप घेऊन आलेल्या देवांमधून दमयंती खरा नल ओळखते, त्या खुणांपैकी एक म्हणजे त्याची सावली. देवांना ती नाही. येथे सावली हे मर्त्यतेचे लक्षण आहे. रामायणात सिंहिका राक्षसी समुद्रावरून जाणाऱ्या हनुमंताची सावली पकडून त्याला खाली ओढते. तेथे सावली हा देहाचाच एक अवयव आहे. युरोपात शामिसोच्या कथेतील पीटर श्लेमील (१८१४) कधीही न सरणाऱ्या थैलीच्या बदल्यात आपली सावली विकतो आणि समाजातून उठतो. अँडरसनच्या ‘सावली’ या कथेत (१८४७) विद्वानापासून सुटलेली सावली माणूस होऊन बसते आणि अखेर विद्वानालाच आपली सावली व्हावयास लावते. या साऱ्या कथांमध्ये सावली म्हणजे देहाने जगाशी बांधलेले एक नाते आहे. ते तुटले, विकले किंवा उलटले, तर त्याचे मोल द्यावे लागते.

अशी ही सावली नियमपुस्तकात निवडीची वस्तू होते तेव्हा त्या मोलाचे काय होते? छायापात्रांच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाकडे या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणे फलदायी ठरते.

२

प्रारंभी सावली ही पात्राची नव्हती, शत्रूची होती. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ती राक्षसांच्या यादीत येते आणि १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तिचे रूप पक्के होते. ती प्रेतयोनीतील आहे, तिच्या स्पर्शाने माणसाचे बळ उतरते आणि ज्याचे बळ संपूर्ण शोषले गेले, तो स्वतःच सावली होतो. या नियमाची अर्थपूर्णता खेळाच्या माध्यमातून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. बळ म्हणजे येथे पात्राच्या कागदावर लिहिलेला आकडा. खेळाडूच्या दृष्टीने त्याचे पात्र अशा आकड्यांचेच घडलेले असते. शस्त्राचा घाव पात्राला जखमी करतो. सावली मात्र पात्र ज्या लेखनाने अस्तित्वात आले, ते लेखनच एकेका अंकाने पुसून टाकते. अँडरसनच्या विद्वानाची गत अंकगणिताच्या भाषेत मांडली, तर ती याहून फारशी वेगळी दिसणार नाही.

सावली शत्रूकडून पात्राकडे आली, त्या स्थित्यंतराचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे २००० मधील तिसऱ्या आवृत्तीतील ‘शॅडोडान्सर’ हा वर्ग. हा छायानर्तक खेळाडूंच्या पुस्तकात नव्हे, तर सूत्रधाराच्या पुस्तकात छापला गेला, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्या आवृत्तीत अशा वर्गांना प्रवेश द्यावा की नाही, हे सूत्रधाराच्या इच्छेवर सोपविले होते. म्हणजे सावली हा अद्याप सरसकट हक्क झाला नव्हता. ती अनुज्ञेने मिळत होती. शिवाय तीत शिरण्याच्या अटींमध्ये लपण्याच्या आणि निःशब्द चालण्याच्या कौशल्यांबरोबर नृत्याचीही अट होती. सावलीवर अधिकार सांगणाऱ्याने प्रथम देहावर अधिकार मिळविला पाहिजे, असा काहीसा विचार या अटीमागे दिसतो.

या वर्गाच्या शक्तींची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. छायानर्तक दहा फुटांच्या आत कोणतीही सावली असेल, तर कोणी पाहत असतानाही लपू शकतो. परंतु स्वतःच्या सावलीत मात्र त्याला लपता येत नाही. नियम करणाऱ्यांनी ही अट बहुधा केवळ पळवाट बुजविण्यासाठी घातली असावी, कारण तिच्याविना छायानर्तक उजेडात कोठेही अदृश्य झाला असता. तरीही तिच्यातून निघणारा अर्थ मोठा आहे. जगातील प्रत्येक सावली आश्रय देईल, आपली देणार नाही. ती आपल्यापासून पुरेशी वेगळी नसते, म्हणून ती आपल्याला झाकू शकत नाही. एका सावलीतून दुसरीत जाण्याची शक्ती चौथ्या पातळीला मिळते, तीही दिवसाला एकूण वीस फुटांच्या मापाने. पुढे ते अंतर दर दोन पातळ्यांनी दुप्पट होत दहाव्या पातळीला एकशे साठ फुटांवर जाते. आरंभ आणि शेवट, दोन्ही ठिकाणी सावली असणे मात्र बंधनकारक.

तिसऱ्या पातळीला छायानर्तकाला सोबती म्हणून जी सावली मिळते, ती पूर्वीचीच राक्षसी सावली होय. मात्र तिच्यात दोन फेरफार केलेले आहेत. तिची नीतिवृत्ती मालकाच्या वृत्तीप्रमाणे असते आणि तिच्या स्पर्शाने मेलेला माणूस नवी सावली होत नाही. राक्षसी सावलीची दुष्टता आणि संक्रामकता काढून घेतल्यावरच ती पाळीव झाली. तरी एक धागा शिल्लक ठेवला आहे. २००३ च्या सुधारित नियमांनुसार ही सावली नष्ट झाली किंवा मालकाने तिला निरोप दिला, तर मालकाला सहनशक्तीची चाचणी द्यावी लागते. चाचणी फसल्यास त्या वर्गातील प्रत्येक पातळीमागे २०० अनुभवगुण जातात. चाचणी साधली, तरी १०० जातातच. शिवाय ३० दिवस नवी सावली मिळत नाही. अनुभवगुण म्हणजे पात्राचा संचित भूतकाळ. सावली गमावणाऱ्याला आपल्या भूतकाळातून दंड भरावा लागतो. श्लेमीलच्या सौद्याची ही दूरची, परंतु खरी आठवण आहे.

३

सावलीचे दुसरे रूप मायावी जादूच्या शाखेत आढळते. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये मायाकाराच्या मंत्रांत छायाराक्षस, छायाजादू असे मंत्र आहेत, २००३ च्या नियमांत त्यांची पद्धतशीर श्रेणी लागलेली दिसते. सावलीच्या द्रव्यातून घडविलेली वस्तू पाहणाऱ्याने खरी मानली, तर खऱ्यासारखाच परिणाम करते. इच्छाशक्तीच्या चाचणीत तिचे छायारूप उघडे पडले, तर तिचे बल मूळच्या पंचमांश, म्हणजे २० टक्के उरते. वरच्या मंत्राने ते ६० टक्के आणि त्याहून वरच्याने ८० टक्के राहते. निर्जीव वस्तू या चाचणीत आपोआप यशस्वी होतात. छायेचा अग्नी माणसाला जाळील, लाकडी दाराला तो पंचमांशच पोळील. फसण्यासाठी मन लागते, असे नियम अत्यंत शांतपणे सांगतो.

हा नियम म्हणजे नकळत लिहिली गेलेली एक साहित्यमीमांसाच आहे. कोलरिजने १८१७ मध्ये काव्यश्रद्धेचे वर्णन अविश्वासाची स्वेच्छेने केलेली तहकुबी असे केले. येथे ते सूत्र उलटे होऊन येते. विश्वास ही मूळ स्थिती. अविश्वासासाठी इच्छाशक्ती खर्चावी लागते आणि ती पुरेल की नाही हे फासा ठरवितो. शिवाय विश्वासणारा आणि जाणणारा हे एकाच खुर्चीत बसलेले असतात. समोरचा प्राणी सावलीचा आहे हे खेळाडूला अनेकदा कळलेले असते, पात्राला कळलेले नसते. आणि कळलेल्याने न कळलेल्याच्या वतीने घाव सोसायचे असतात. नाट्यगत उपरोधात प्रेक्षक आणि पात्र यांच्यामध्ये जे अंतर असते, ते येथे एकाच व्यक्तीच्या आत सामावले आहे.

भारतीय वाचकाला या ठिकाणी मायावादाची आठवण होणे स्वाभाविक आहे; परंतु ते साम्य ताणण्यात अर्थ नाही. शांकर वेदान्तात मिथ्या म्हणजे सत्‌ही नव्हे आणि असत्‌ही नव्हे, असे अनिर्वचनीय. त्याचे टक्के काढता येत नाहीत. दोरी ओळखली की साप पंचमांशाने उरत नाही. नियमसंहितेला मात्र अनिर्वचनीयतेशी व्यवहार करता येत नाही, तिला आकडा लागतोच. आणि या आकड्यामुळेच ती वेदान्तापेक्षा साहित्याच्या अनुभवाजवळ जाते. कथा कल्पित आहे हे पुरेपूर ठाऊक असूनही तिचा काही अंश वाचकाला लागतोच. उघडे पडलेले काल्पनिकही शून्य होत नाही, ही गोष्ट त्या २० टक्क्यांइतक्या रोखठोकपणे समीक्षेलाही क्वचितच सांगता आली असेल.

४

यानंतरचा इतिहास म्हणजे मोल वजा होत जाण्याचा इतिहास आहे. ‘शडार-काय’ या वंशाचे उदाहरण पाहावे. २००३ च्या ‘फीन्ड फोलिओ’मध्ये ते परीयोनीतील शापित जीव आहेत. सावली त्यांना गिळू पाहते आणि आपण विरून जाऊ नये म्हणून ते देहातील वेदना जागी ठेवतात. दुखते आहे तोवर आपण आहोत, ही त्यांच्या अस्तित्वाची अट. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ते मानवी कुळातील होतात, तरी विरून जाण्याचे भय कायम राहते आणि त्यापायी ते प्रत्येक गोष्टीत टोकाला जातात. २०१८ च्या ‘मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज’मध्ये ते एल्फ वंशाची एक शाखा म्हणून खेळाडूंसाठी खुले होतात. त्यांची करुण पूर्वकथा येथेही आहे. परंतु नियमाच्या भाषेत त्यांना मिळते ते दीर्घ विश्रांतीमागे एकदा तीस फुटांपर्यंत अंतर्धान पावून प्रकट होण्याचे वरदान, आणि पात्र तिसऱ्या पातळीला पोचले की त्याबरोबर क्षणभर आघात सोसण्याची वाढीव क्षमता. वेदना वर्णनात राहिली, नियमात वरदान आले.

२०१७ मधील ‘झनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकातील छायाजादूचा मांत्रिक याच वाटेने जातो. त्याच्यासाठी सहा विलक्षण लक्षणांची एक सारणी दिली आहे. फासा टाकून त्यातले एखादे घ्यावयाचे. अंग नेहमी बर्फासारखे गार असणे, झोपेत श्वास चालल्याचे न दिसणे, हृदयाचा मिनिटाला एकच ठोका पडणे, ही त्यांतली काही. कल्पना म्हणून ती उत्तम आहेत. परंतु त्यांपैकी एकाही लक्षणाचा नियमावर काडीचाही परिणाम होत नाही. मृत्यूशी जडलेले नाते येथे अलंकारापुरते उरले आहे.

या प्रक्रियेची परिणती छायामार्गी ‘मंक’च्या, म्हणजे योद्धा-भिक्षूच्या, दोन रूपांची तुलना केली असता स्पष्ट होते. २०१४ चे रूप आता सूत्रधाराच्या नव्हे, खेळाडूंच्या पुस्तकात आहे. हा भिक्षू सहाव्या पातळीला अंधुक उजेडातून किंवा अंधारातून साठ फुटांच्या आतील तशाच ठिकाणी हव्या तितक्या वेळा जाऊ शकतो. छायानर्तकाला दिवसभरासाठी मिळणाऱ्या मोजक्या अंतराशी हे ताडून पाहावे. तरीही दोन्ही टोकांना सावली असण्याची अट कायम होती. शिवाय त्याने जादूने पाडलेल्या अंधारात त्याला स्वतःलाही दिसत नसे. २०२४ च्या आवृत्तीत ही दोन्ही बंधने सैल झाली. आपण पाडलेल्या अंधारात त्याला दिसू लागले आणि अकराव्या पातळीनंतर एक शक्तिगुण खर्चून सावलीची अटच काढून टाकण्याची मुभा मिळाली. छायापात्राला छायाप्रवासासाठी सावली लागेनाशी झाली. भर दुपारच्या मोकळ्या मैदानातही तो सावलीतून सावलीत जाऊ शकतो. फक्त तेथे सावली नसते.

या बदलांना खेळाच्या अंगाने सबळ कारणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. अनुभवगुणांचा दंड एका खेळाडूला सोबत्यांच्या मागे टाकतो आणि सामूहिक खेळात त्याची झळ साऱ्या टेबलाला बसते. ज्या अंधारात मालकाला आणि त्याच्या साथीदारांनाही दिसत नाही, ती शक्ती पुस्तकात शोभते, खेळात अडते. सूत्रधाराने दिवे लावून ठेवले तर निरुपयोगी होणारे पात्र कोणालाही नको असते. मोल हे नियमाने लादू नये, ते टेबलावरच्या कथेतून यावे, असाही युक्तिवाद करता येईल आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण त्याला एक मर्यादा आहे. सूत्रधार आणि खेळाडू यांच्या मर्जीने आलेले मोल हे पुन्हा पर्यायच असते. जे नाकारता येते, त्याला सावलीचा धर्म राहत नाही.

५

दुसरी वाट शक्य होती, याचा पुरावा म्हणजे व्हाइट वुल्फ या प्रकाशनाचा १९९४ मधील ‘रेथ : द ऑब्लिव्हियन’ हा खेळ. यात सर्व पात्रे मृतात्मे आहेत आणि प्रत्येकात एक सावली, म्हणजे आत्मनाशाकडे ओढणारी काळी बाजू, वसते. उर्सुला ले ग्विन यांनी ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत (१९६८) नायकाच्या गर्वातून सुटलेली सावली अखेर त्याच्याच नावाने ओळखली जाते, असे दाखविले होते आणि पुढे १९७५ च्या निबंधात युंगच्या आदिबंधाशी तिचा संबंध जोडला होता. ‘रेथ’ त्याच परंपरेतला आहे. परंतु त्याची खरी मौलिकता एका साध्या नियमात आहे : आपल्या पात्राची सावली आपण चालवायची नाही, ती दुसरा खेळाडू चालवितो. तो कानाशी कुजबुजतो, आणीबाणीच्या वेळी जादा फासे देऊ करतो आणि ते स्वीकारले की सावलीचे बळ वाढण्याचा धोका पत्करावा लागतो. कधी कधी पात्राचा ताबाच तिच्याकडे जातो.

हा नियम सावलीला तिचे परकेपण परत देतो. आपली काळी बाजू स्वतःच रंगविणारा माणूस तिला नेहमी थोडी देखणी करतो. दुसऱ्याच्या हाती दिलेली सावली ती सवलत देत नाही. शिवाय दुसरा खेळाडू हा शत्रू नसतो, सोबतच बसलेला मित्र असतो आणि त्याची सावली आणखी कोणाच्या हाती असते. टेबलाभोवती परस्परांच्या सावल्या सांभाळण्याचे एक जाळे तयार होते. हा खेळ खेळावयास जड आहे, हे खरे. परंतु येथे सावली ही निवड नाही. या जगात शिरणाऱ्या प्रत्येकाला ती आहेच.

६

मराठी वाचकापुढे या विषयाचे आणखी एक अंग उभे राहते आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सावलीविषयीची एक नियमसंहिता महाराष्ट्राने प्रत्यक्ष जगलेली आहे. पेशवाईत समोरून हिंदू येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरता येत नसे, कारण त्याच्या सावलीने विटाळ होईल, याची नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केली आहे. त्या संहितेची वाक्येही संकेतार्थीच होती : अमुक समोर असेल तर अमुकाने दूर व्हावे. तीतही सावली हा देहाचा अवयव होता आणि तिच्या स्पर्शाला परिणाम होता. फरक असा की, मोल द्यावे लागे ते सावलीच्या धन्याला, आणि ती सावली त्याने निवडलेली नव्हती.

या तुलनेतून अमेरिकेतील एका खेळावर दोष ठेवण्याचा हेतू नाही. तिचे प्रयोजन वेगळे आहे. सावली इतकी हलकी, इतकी निर्धोक, केवळ साठ फुटांच्या उडीपुरती करता येते, यामागे एक गृहीत आहे : ती निवडणाऱ्याच्या खऱ्या सावलीचे अंतर कोणी कधी मोजलेले नाही. उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ज्यांना नजरेआड राहण्यास भाग पाडले गेले, त्यांनी खेळात तीच सावली शक्ती म्हणून धारण करणे, यात प्रतिष्ठा परत घेण्याचाही भाव असू शकतो. शत्रूच्या यादीतील सावली पात्रांच्या यादीत येणे हे या अर्थाने केवळ सौम्यीकरण नव्हे. परंतु परत घेण्यासाठी काहीतरी घेतले गेलेले असावे लागते. ज्या सावलीला भूतकाळ नाही, ती परत मिळवताही येत नाही.

म्हणून मोलाचा आग्रह हा शिक्षेचा आग्रह नव्हे. अनुभवगुणांचा दंड परत आणावा, असे कोणी म्हणणार नाही. आग्रह आहे तो नात्याचा : नियमाने सावलीला देहाशी, दिव्याशी आणि शेजारच्या माणसाशी कोठेतरी बांधून ठेवावे. ‘रेथ’ने ते दुसऱ्या खेळाडूच्या आवाजाने साधले, २००३ च्या छायामंत्रांनी पंचमांशाच्या उरलेल्या खरेपणाने साधले. छायानर्तकाच्या बाबतीत ते एका छोट्या मनाईने साधले गेले, आणि पन्नास वर्षांच्या या वाङ्‌मयात सावलीचा स्वभाव सर्वांत अचूकपणे जाणणारे वाक्य कदाचित तेच असेल : इतर सर्वांच्या सावलीत लपता येईल, स्वतःच्या सावलीत येणार नाही.